लेसरवाल्या मॅडम

मॅडमच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, बारीक बारीक खुणा होत्या. काही गोल, काही चौकोनी. काही आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिक्या, काही जास्तच काळ्या. नवीन पेशंटचं लक्ष आधी तिथंच जायचं. बायका हळूच विचारायच्या, डॉक्टर, तेल उडालं का हो हातावर? मग मॅडम हात पुढे करून एकेक खूण दाखवायच्या. ही जुन्या मशीनची. ही नवीन मशीन आलं त्या आठवड्यातली. ही माझ्या चुकीची, पॉवर जास्त झाली होती.

दवाखान्यात कुठलंही नवीन लेसर मशीन आलं, किंवा जुन्याचं सेटिंग बदलायचं ठरलं, की पहिला शॉट त्या स्वतःच्या हातावर मारून घ्यायच्या. पुढचे दहा-बारा दिवस रोज सकाळी खिडकीपाशी उभ्या राहून ती जागा भिंगातून बघायच्या आणि वहीत लिहायच्या. त्यानंतर पेशंटच्या कानामागे एक छोटा ठिपका, आणि महिनाभर थांबणं. चेहऱ्याची पाळी त्याच्यानंतर. मशीन विकायला आलेल्या एका माणसाला त्यांनी सांगितलं, तुमचाही हात द्या, दोघं मिळून बघू. तो हसला. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की बाई चेष्टा करत नाहीत. त्यानं निमूटपणे शर्टाची बाही वर केली, हे मी समोर उभी राहून पाहिलेलं आहे.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं नर्स होते. त्याआधी नऊ वर्षं बाळंतपणाच्या दवाखान्यात काढलेली. रात्रपाळ्या झेपेनात म्हणून दिवसाचं काम शोधत होते आणि कुणीतरी सांगितलं की सोलापुरात कातडीच्या एक डॉक्टरबाई आहेत, लेसरचं काम करतात, पण बाई जरा वेगळ्या आहेत. मला वेगळेपणाशी काही घेणं नव्हतं. मनात मात्र एक स्वार्थ होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आलं होतं. लेसरच्या दवाखान्यात काम करायचं म्हणजे ते फुकटात जाईल असा माझा हिशेब.

मॅडमनी माझी कागदपत्रं टेबलावर तशीच ठेवली आणि माझ्या गालांकडे बघत म्हणाल्या, "लेसरनं वांग जाईल म्हणून आलीस का?"

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. मी हो म्हणाले.

"ब्याड," त्या म्हणाल्या. ब्याड म्हणजे कानडीत नको. मॅडम अक्कलकोटच्या बाजूच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि कुणाला नकार द्यायचा असला की तोंडातून आपोआप कानडी यायचं. "वांगावर लेसर मारला तर पुष्कळदा आणखी काळं होतं. मलम देते, छत्री घे, आणि उद्या साडेनऊला ये."

माझी नेमणूक आणि माझा औषधोपचार एका वाक्यात झाला.

ऊन हा मॅडमचा सगळ्यात आवडता विषय होता. शत्रूवर असं प्रेम असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. स्वतः बाराही महिने पुरुषी काळी छत्री घेऊन फिरायच्या. डिसेंबरातही. दवाखान्यातून बँकेत जायचं तर रस्त्याच्या कुठल्या बाजूला किती वाजता सावली असते हे त्यांना पाठ. रिक्षात बसताना रिक्षा कुठल्या दिशेला जाणार हे विचारून मगच डावीकडे बसायचं की उजवीकडे ते ठरवायच्या. रिक्षावाले त्यांना ओळखून होते. लांबूनच ओरडून सांगायचे, मॅडम, आज इकडून बसा.

माणूस दारातून आत आला की तो काय काम करतो हे त्या ओळखायच्या. उजवा गाल आणि उजवा हात जास्त रापलेला असला की म्हणायच्या, गाडी चालवता ना, खिडकीची काच लावत नाही तुम्ही. आणि तो एसटीचा ड्रायव्हर निघायचा. कपाळावर वर गोरा पट्टा आणि खाली करपलेलं, म्हणजे टोपी घालणारा शेतकरी. गळ्याखाली त्रिकोणी काळपट डाग, म्हणजे शर्टाचं वरचं बटण न लावणारा बांधकामावरचा मिस्त्री. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सायकलवर जाणाऱ्या मागावरच्या कामगारांची त्यांना विशेष कीव यायची. काम दिवसभर छपराखाली, पण सकाळी जाताना सूर्य समोर आणि संध्याकाळी परत येतानाही सूर्य समोर. त्या म्हणायच्या, अख्ख्या गावाला टॉवेल तुम्ही पुरवता, त्यातला एक डोक्याला बांधायला काय होतं? माझे वडील तसेच एक कामगार होते. तेलुगू माणूस, आयुष्य टॉवेल विणण्यात गेलं. मी घरी जाऊन त्यांना हे सांगितलं तर ते दोन दिवस हसत होते आणि तिसऱ्या दिवसापासून टॉवेल बांधून जायला लागले.

दवाखान्याच्या दारात एक पाटी होती. इथे गोरे करून मिळत नाही. मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषांत. तेलुगूतली ओळ मी लिहून दिली होती आणि पेंटरनं त्यातलं एक अक्षर चुकवलं म्हणून मॅडमनी त्याला पुन्हा बोलावलं होतं. त्या पाटीमुळे किती लोक पायरीवरून परत गेले याची गणती नाही. तरीही काहीजण आत यायचेच. एकदा एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. पंधरा दिवसांवर लग्न होतं, मुलगी सावळी होती, आणि एवढ्यात जमेल तेवढं करा म्हणत होते. मॅडमनी मुलीचा चेहरा नीट, वेळ घेऊन पाहिला. हनुवटीवरच्या दोन पुटकुळ्यांना मलम लिहून दिलं. मग वडिलांना म्हणाल्या की मुलीची त्वचा उत्तम आहे, रोग असेल तर तो तिला नाही. गृहस्थ रागावून बाहेर गेले. मुलगी चप्पल घालायच्या निमित्तानं दारात मागं राहिली आणि मॅडमकडे बघून एवढंसं हसली.

मला सुरुवातीला मॅडमची लाज वाटायची, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्या दवाखान्यांत सुंदर झालेल्या चेहऱ्यांचे फोटो भिंतीवर असतात. आमच्या भिंतीवर घड्याळ होतं. आणि कुणीही पेशंट लेसरला तयार झाला की मॅडम त्याला आधी बसवून एका शाळेतल्या बाईंची गोष्ट सांगायच्या. मॅडम लेसर नवीन शिकून आल्या होत्या तेव्हाची. त्या शिक्षिकेच्या गालावर उन्हानं आलेले डाग होते. मॅडमनी घाई केली, चाचणीचा ठिपका मारला नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर लेसर केला. डाग होते त्याच्या दुप्पट काळे झाले. पूर्ववत व्हायला वर्ष लागलं. त्या वर्षभर दर महिन्याला मॅडम स्वतः त्यांच्या घरी जात होत्या. हे ऐकून निम्मे पेशंट विचार करून सांगतो म्हणायचे. मी एकदा मॅडमना म्हणाले की इतकी जुनी गोष्ट कशाला सांगायची, आता तर असं होत नाही. त्या म्हणाल्या, "होत नाही कारण मी रोज सांगते."

त्या चुकीपासून त्यांनी एक नियम केला होता. होळी झाली की लेसर मशीन बंद. वायर काढून ठेवायची, पुसायचं, आणि वरून एक मोठी सोलापुरी चादर पांघरायची. सोलापूरच्या उन्हाळ्यात लेसर केलेला चेहरा घेऊन माणूस घराबाहेर पडणार, आणि पडणारच, तेव्हा त्या दिवसांत चेहऱ्यावरच्या डागांना हात लावायचा नाही. चादर काढायची ती पाऊसपाणी होऊन ऊन मऊ झाल्यावर. कुणी कितीही मोठा माणूस फोन करू दे, चादर हलायची नाही.

अशाच एका एप्रिलमध्ये, चादर घातलेली असताना, केमच्या मावशी आल्या.

करमाळा तालुक्यातलं केम. रेल्वेचं स्टेशन असलेलं गाव. मावशींचं वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, सगळं आयुष्य रानात गेलेलं. त्यांना घेऊन आला होता त्यांचा मुलगा. पुण्यात कंपनीत इंजिनिअर. दीड महिन्यावर त्याचं लग्न होतं आणि मुलीकडचे लोक शहरातले. मुलगा वाईट नव्हता. आईला गाडीतून हात धरून उतरवलं होतं, पाण्याची बाटली स्वतः धरली होती. पण बोलत होता तो एकटाच. आईच्या गालांवर तपकिरी डाग आहेत, नाकाच्या कडेला एक काळा तीळ आहे, लग्नाच्या फोटोत दिसतील, तेव्हा सगळं लेसरनं साफ करून पाहिजे. पुण्यात एका ठिकाणी चौकशी केलीय, ते दोन सिटिंगमध्ये करून देतो म्हणतात. पण आईला प्रवास नको म्हणून आधी इथं आलो.

मॅडमनी मावशींना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. गालांवरचे डाग उन्हाचे होते, निरुपद्रवी. ते त्यांनी एका नजरेत बाजूला ठेवले. नाकाच्या कडेचा तो तीळ मात्र त्या बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मसुराच्या डाळीएवढा, काळसर, चकचकीत, आणि कडेनं मोत्यांची बारीक माळ बसवल्यासारखा. मॅडमनी मला जवळ बोलावून भिंग माझ्या हातात दिलं. नंतर मावशींना विचारलं, की यातून कधी रक्त येतं का.

"तोंड पुसताना येतंय कवाकवा," मावशी म्हणाल्या. "खपली धरती, परत निघती. दोन वर्सं झाली असत्याल."

मॅडमनी मुलाकडे पाहिलं नाही. मावशींकडे बघूनच सांगितलं की हा तीळ वाटत नाही. हा उन्हामुळे होणारा कातडीचा कॅन्सर असू शकतो. हळू वाढणारा असतो, सहसा दुसरीकडे पसरत नाही, लवकर काढला तर माणूस पूर्ण बरा होतो. पण आधी त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायला पाहिजे. आणि याला लेसर अजिबात लावायचा नाही. लेसरनं वरचं जळून जाईल, चेहरा स्वच्छ दिसेल, आणि आत तो वाढत राहील.

मुलगा ताडकन उभा राहिला. लग्नाच्या तोंडावर आईसमोर असं बोलतात का, निदान मला बाजूला घेऊन सांगायचं होतं, असं म्हणाला. मॅडम म्हणाल्या की चेहरा यांचा आहे म्हणून यांना सांगितलं. तो म्हणाला की आम्ही पुण्यात बघून घेऊ. जाताना मावशींनी मॅडमना दोन्ही हात जोडले आणि मुलाच्या मागून गेल्या.

त्या संध्याकाळी मॅडमनी मला मुलाला फोन करायला सांगितलं. तो शांत झाला होता, पण लग्न झाल्यावर बघू म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा केला तर त्यानं सांगितलं की पुण्यातल्या त्या ठिकाणची पुढच्या आठवड्यातली वेळ मिळालीय, ते म्हणतात की साधा तीळ आहे, लेसरनं निघेल. त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं. मावशींचा स्वतःचा नंबर आमच्याकडे नव्हता.

मला वाटलं, आता विषय संपला. आपण सांगायचं तेवढं सांगितलं. शनिवारी दवाखाना बंद करताना मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळची गाडी किती वाजता आहे बघ. केमला जायचंय."

मी विचारलं, पत्ता? केस पेपरवर नाव आहे आणि गाव आहे, त्या म्हणाल्या, गावात एवढं पुरतं. मी विचारलं, ऊन? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीची वेळ बघायला लागले.

केमला उतरलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. स्टेशनबाहेर चहाच्या गाड्यावर मॅडमनी मावशींचं नाव सांगितलं आणि मुलगा पुण्याला असतो एवढं म्हणाल्या. गाडेवाल्यानं लगेच वस्ती सांगितली. गावाबाहेर, दोनेक किलोमीटर, वाटेत वाहन मिळालं तर मिळालं. ते मिळालं नाही. बासष्ट वर्षांच्या मॅडम छत्री धरून पुढे आणि मी माझी छत्री धरून मागे. वाटेत बाभळीखाली दोनदा थांबलो. मॅडमचं तोंड लालबुंद झालं होतं. मी म्हणाले, मॅडम, तुम्ही इथं बसा, मी जाऊन त्यांना घेऊन येते. त्या म्हणाल्या, "त्यांना बोलवायचं असतं तर तुला एकटीलाच पाठवलं असतं."

मावशी रानातच होत्या. काढलेल्या कांद्याची रास पुढ्यात आणि डोक्यावरून पदर घेऊन पात कापत बसलेल्या. आम्हाला बघून त्या आधी घाबरल्या आणि मग त्यांना गहिवरून आलं. एवढ्या उन्हाचं कशाला यायचं वो बाई, असं दोनदा म्हणाल्या. घराकडे चला, पाणी घ्या, म्हणून उठायला लागल्या. मॅडमनी त्यांना बसा म्हटलं आणि स्वतः शेजारी ढेकळांवर बसल्या. बसल्यावर त्यांनी छत्री मावशींच्या डोक्यावर धरली. स्वतः उन्हात. अकरा वर्षांत मी त्यांना भर उन्हात उघड्या डोक्यानं बसलेलं तेवढं एकदाच पाहिलं.

मॅडमनी सगळं पुन्हा सांगितलं. दवाखान्यात सांगितलं होतं त्याच्यापेक्षा सावकाश. किती कापायचं, किती टाके पडतील, किती दिवस पट्टी. मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, पोरगं वाईट न्हाय, भ्यालंय. त्याच्या बापाला असाच आजार झाला हुता, ते त्यात गेलं. म्हणून पोरगं त्याचं नावच घिऊ द्यायना. मला तेव्हा कळलं की आपण त्या मुलाला उगाच वाईट ठरवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तुमचा मुलगा काय म्हणतो ते मी ऐकलं. तुम्ही काय म्हणता ते ऐकायला आले आहे."

मावशींनी दोन-तीन कांद्यांची पात कापली. विळा चालत होता आणि त्यांची नजर कांद्यावर होती.

"लई दुखंल का?"

"सुई टोचताना दुखेल. नंतर नाही."

"लग्नात तोंडाला पट्टी दिसंल."

"दिसेल," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी आणखी एका कांद्याची पात कापून तो राशीत टाकला. "दिसू दे की मग," त्या म्हणाल्या. "मंगळवारी येते. पोराला मी सांगते, तुमी नका सांगू."

मंगळवारी अकराच्या आत मावशी दवाखान्याच्या बाकावर हजर होत्या. गाडीनं एकट्या आल्या होत्या. मॅडमनी तुकडा काढला, मी त्यांचा हात धरून उभी होते. आठवड्यानं रिपोर्ट आला. मॅडमची शंका खरी होती. शहरातल्या एका सर्जननी ती गाठ मुळासकट काढली, कडा तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. सर्जन मॅडमना म्हणाले की अजून वर्षभर थांबले असते, किंवा वरून जाळलं असतं, तर नाकाची ती बाजू वाचवणं कठीण होतं.

लग्नाला मॅडम आणि मी दोघीही गेलो. मावशींच्या नाकाच्या कडेला पांढरी पट्टी होती आणि त्या मांडवभर फिरत होत्या. कुणी विचारलं की थांबून सविस्तर सांगत होत्या, रक्त कसं यायचं, सुई कशी टोचली, सगळं. नवी सून एकदा स्वतः उठून त्यांची पट्टी नीट चिकटवून गेली.

मुलगा महिन्याभरानं दवाखान्यात आला. मी बाहेर बसवलं तर बसेना. आत गेल्यावर मान खाली घालून म्हणाला, मॅडम, माझं चुकलं.

"घाबरला होतात," मॅडम म्हणाल्या. "चुकायच्या आधी आईनं थांबवलं. बसा. आता तुमचं कपाळ बघू."

दिवाळीनंतर मशीनवरची चादर निघाली आणि त्याच आठवड्यात मावशी पुन्हा आल्या. जखम छान भरली होती, एक बारीक फिकट रेघ राहिली होती. तपासून झालं, तरी त्या उठेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. शेवटी म्हणाल्या की गालावरचे डाग पण काढता येतील का.

मॅडमनी विचारलं, मुलानं सांगितलं का.

"न्हाय," मावशी म्हणाल्या. "त्याला ठावं बी न्हाय. मलाच वाटतंय. सकाळी आरशात बघताना बरं वाटंल जरा. ह्या वयात असलं वाटू ने का?"

मॅडम इतक्या खूश झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. वाटावं की, त्या म्हणाल्या, का वाटू नये. आणि शाळेतल्या त्या बाईंची गोष्ट मावशींना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. मावशी म्हणाल्या, व्हय, व्हय, करा. कानामागे ठिपका मारला. महिना गेला. मग पहिलं सिटिंग झालं. डोळ्यांवर चष्मा, गार हवेचा झोत, आणि टक टक टक असा आवाज. केस जळाल्याचा थोडा वास. मधेच मावशी म्हणाल्या की कढईत फुटाणे फुटत्यात तसं वाटतंय. मॅडम हसल्या आणि त्यांना दोन मिनिटं थांबावं लागलं, कारण हसत्या हातानं त्या मशीन धरायच्या नाहीत.

डाग आधी गडद झाले, खपल्या धरल्या, दहाएक दिवसांत गळून पडल्या. होळीपर्यंत तीन सिटिंग झाली. बरेचसे गेले, काही फिके झाले, उजव्या गालावरचे दोन हट्टी होते ते राहिले. मॅडम म्हणाल्या पुढच्या हिवाळ्यात बघू. मावशी आरशात या बाजूनं, त्या बाजूनं बघत म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या ती दोन, लई दिसाची वळख हाय. मी मावशींना फक्त डोळे उघडे राहतील असा स्कार्फ बांधायला शिकवलं होतं. गावाकडच्या बायका हसतील म्हणून त्या आधी लाजत होत्या. पण बांधून गेल्या.

बायका हसल्या असतील, माहीत नाही. पण पावसाळ्यात एका सकाळी मावशी केमच्या गाडीनं अकरा बायका घेऊन उतरल्या. बाकं पुरली नाहीत, काही जणी पायरीवर बसल्या. मावशींनी मॅडमना सांगितलं, नुसतं बघा, काय करू नका, नुसतं बघा. मॅडमनी एकेकीला खिडकीजवळ घेऊन पाहिलं. दहा जणींना काही नव्हतं, उन्हाचे डाग आणि वांग. अकरावीच्या कानाच्या पाळीवर एक जखम होती, कितीतरी महिने न भरणारी. ही तपासायला पाहिजे, असं माझ्या तोंडून आधीच निघून गेलं. तिला तपासायला पाठवलं आणि वेळेत पाठवलं.

त्या दिवशी मॅडमनी ठरवलं की एवढ्या बायकांनी इकडे यायचं त्यापेक्षा आपण तिकडे जावं. महिन्याचा पहिला रविवार केमचा ठरला. शाळेच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या, एक भिंग, एक वही. मॅडम आणि मी. बायका यायच्या, मग त्यांनी नवऱ्यांना आणायला सुरुवात केली, मग आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक यायला लागले. मॅडमनी एकही रविवार चुकवला नाही. सुरुवातीला त्या बघायच्या आणि मी लिहायची. हळूहळू त्यांनी भिंग आधी माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. मी बघून सांगायचं, मग त्या बघणार. मी चुकले की का चुकले ते परतीच्या गाडीत सांगायच्या, लोकांसमोर कधी नाही. नंतर नंतर परतीच्या गाडीत सांगण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही उरेना. मग त्या झोपायच्या.

शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. स्टेशनच्या जिन्यावर मी एका बाजूनं आणि मावशींचा मुलगा दुसऱ्या बाजूनं धरायचा. तो आता सुट्टीला गावी आला की मुद्दाम स्टेशनवर न्यायला यायचा. दवाखाना एका तरुण डॉक्टरांकडे द्यायचं ठरत होतं. ते दर दोन महिन्यांनी केमला यायला तयार होते, मधल्या महिन्यांचं काय हा प्रश्न होता.

अशाच एका रविवारी व्हरांडा भरलेला होता. मॅडमनी काम सुरू करायच्या आधी सगळ्यांना सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. ही येईल. काही वेगळं दिसलं तर ही फोटो काढून डॉक्टरांना पाठवेल आणि तुम्हाला सोलापूरला यायला सांगेल. हिनं सांगितलं की यायचं. लग्न असू दे नाहीतर सुगी.

मी मान खाली घालून वहीत तारीख घालत होते. मला हे आधी सांगितलेलं नव्हतं.

पुढच्याच ओळीत मावशी बसल्या होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं, जणू पहिल्यांदाच बघत होत्या, आणि मॅडमना विचारलं, "हिला तुमच्यावानी कळतंय का?"

मॅडमनी उत्तर द्यायला मुळीच वेळ घेतला नाही.

"त्या कानाच्या पाळीवालीचं आधी कुणी ओळखलं? मी चष्मा शोधत होते, तोवर हिनं ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा आधी कळतं हिला."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आपण मॅडमच्या आधी बोललो ही आगाऊपणाची गोष्ट झाली असंच मी इतकी वर्षं समजत होते.

"मग झालं की," मावशी म्हणाल्या. त्या उठल्या, मॅडमना दंडाला धरून भिंतीजवळच्या बाकावर टेकवलं, आणि त्यांची रिकामी खुर्ची उचलून माझ्यापुढे आणून ठेवली.

"बस बाई," त्या म्हणाल्या. "लई जणी थांबल्यात."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, आणि मी काय करते ते बघायला नीट टेकून बसल्या. मी खुर्चीत बसले.